कबड्डीच्या मैदानावरची तंबाखू

संपादक महोदय, स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आमच्या सांगली-कोल्हापूर भागात गावोगावी प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा सुरू होतात. आधी खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक म्हणून या स्पर्धा मी जवळून पाहत आलो आहे. मध्यंतरात पाण्याच्या बाटलीबरोबर तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीही हातोहात फिरते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा तळहातावर तंबाखू मळतो, थाप मारून चुना झाडतो, चिमूट ओठाआड दाबतो आणि शिट्टी झाली की तसाच चढाईला जातो. हटकले तर उत्तर ठरलेले असते, "सर, त्याशिवाय तरतरी येत नाही."

ही तरतरी कशाची असते, हे त्याला कोणीच सांगत नाही. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून अधिक सहज शोषले जाते. ते रक्तात पोचले की ॲड्रेनालीन स्रवते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात आणि त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पुढे साधारण दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते, आणि ज्याला रोजची सवय आहे त्याची चिडचिड सुरू होते, लक्ष लागेनासे होते. नवी चिमूट ठेवली की ही बेचैनी शमते व आपला खेळ सुधारला असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात तंबाखू न खाणारा त्याचा जोडीदार जिथे आधीपासूनच होता, तिथे तो बव्हंशी परत आलेला असतो. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने म्हणजे 'वाडा'ने २०१२ पासून निकोटीन निरीक्षणाखाली ठेवले आहे, त्यावर बंदी घातलेली नाही. लक्ष आणि प्रतिसादाचा वेग यांत किंचित फरक पडल्याचे काही प्रयोगांत दिसले असले, तरी दमसासाच्या खेळात त्याचा खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नाही. तोटा मात्र स्पष्ट आहे. गुडघ्याचे अस्थिबंध दुखावणे कबड्डीत नवे नाही, आणि निकोटीनमुळे रक्तपुरवठा घटला की जखम व शस्त्रक्रिया भरून यायला अधिक वेळ लागतो. विडी-सिगारेटने तर कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागाच बळकावतो, हे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांनीही लक्षात घ्यावे.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी तंबाखू राजरोस मिळते. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकता येत नाही. आपल्या कितीतरी स्पर्धा शाळेच्या पटांगणावरच भरतात, आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर पुडी विकत घेणारा अनेकदा कुमार गटातला खेळाडू असतो. त्याहून क्लेशदायक हे की त्याचा प्रशिक्षकही तोंडात बार भरूनच त्याला पकडीचे धडे देत असतो! अशा प्रशिक्षकाने पोरांना कोणत्या तोंडाने अडवायचे?

अमेरिकेतील दुय्यम व्यावसायिक बेसबॉल स्पर्धांमध्ये १९९३ पासून खेळाडू आणि प्रशिक्षक या दोघांनाही मैदानावर तंबाखू वर्ज्य आहे. आपल्याकडे त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सामन्याआधी पंच खेळाडूंची नखे कापलेली आहेत की नाहीत आणि अंगाला तेल लावलेले आहे का, हे तपासतातच. त्याच वेळी तोंडात तंबाखू नाही याचीही खात्री करून घ्यावी व हाच नियम प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि स्वतः पंच यांनाही लागू करावा. तालुका व जिल्हा संघटनांनी येत्या हंगामाच्या प्रवेशअर्जातच ही अट छापावी आणि पान मसाल्याच्या जाहिरातीचा फलक मैदानात लावू देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक कबड्डी प्रशिक्षक, जि. सांगली