मुक्त सॉफ्टवेअर फक्त जाणकारांसाठी का?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि चांगले चालणारे कितीतरी जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. त्यांतल्या बहुतेकांवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी, कार्यप्रणाली चालू शकते. पण ऑनलाइन मंचावर अडचण विचारणाऱ्याला तिथल्या स्वयंसेवकांकडून ‘टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडा, ही कमांड टाका’ एवढेच उत्तर मिळाले, की तो परत फिरतो. स्वयंसेवकांवर सक्ती करता येत नाही, हे मान्य. तरीही १९८३ मध्ये अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी. ते प्रोग्रामरपुरतेच का उरावे? केरळच्या सरकारी शाळांतली मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. महाराष्ट्र शासनाने निदान मराठीतून सोपी मार्गदर्शिका आणि तालुक्याला एक मदत केंद्र द्यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा