पाच द्राक्षं

प्रिय चिनू,

हे पत्र तू स्वतः वाचशील तेव्हा चार वर्षांचा नसशील, म्हणून कालचा दिवस लिहून ठेवतेय. तुझ्या बालवाडीत पालकांनी एक दिवस वर्गात येऊन बसायचं असतं. काल माझी पाळी होती.

फेब्रुवारी सरत आलाय, नाशकात जिकडेतिकडे द्राक्षाच्या गाड्या. ताईंनीही घड आणले होते. तुम्ही सतरंजीवर गोल बसून देठापासून एकेक मणी सोडवत होतात. अंगठा आणि तर्जनीची चिमूट, मनगटाला हलका पीळ. पहिले दोन मणी तुझ्या बोटांत फुटले, रस कोपरापर्यंत ओघळला. बऱ्याच वेळाने एक अख्खा सुटला, तो तू मला लांबूनच हात उंच करून दाखवलास.

याआधीच्या शाळेत तुला रोज पानभर अक्षरं गिरवायला देत. तू रडायचास आणि मी तुझा हात धरून ती पानं पुरी करून घ्यायचे. मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक असतात, एकेक करून हाड बनायला पुढे कित्येक वर्षं लागतात. पेन्सिलीला लागते ती हीच द्राक्ष तोडायची चिमूट. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या पानांचं फार वाईट वाटतं, राजा.

मग ताईंनी पाच मणी चिकटून मांडले, त्यांच्याखाली पाच एकमेकांपासून लांब लांब. "कुठले जास्त?" तू लगेच खालच्या ओळीवर हात ठेवलास. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण ताईंनी मला नजरेनेच थांबवलं. तुला त्या 'चूक' म्हणाल्या नाहीत. तू मोजलंस, पाच. वरचे मोजलेस, पाच. पुन्हा खालचे. खूप वेळ बघत राहिलास, मग खालची ओळ स्वतःच जवळ सरकवलीस आणि म्हणालास, "आता सारखे झाले!"

आधीही सारखेच होते, हे तुला अजून पटलेलं नाही. सहा-सात वर्षांचा झालास की पटेल. घाई नाही.

खायला देताना ताईंनी प्रत्येक मणी उभा चिरला. अख्खं द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकू शकतं.

संध्याकाळी आजीला सांगितलं. निफाडकडच्या अंगणवाडीत तिने कितीतरी वर्षं सेविका म्हणून काम केलंय. ती म्हणाली, "आम्ही हेच चिंचोक्यांवर करायचो." ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, महागड्या साधनांऐवजी शिंपले, पानं, खडे घेतले, हे ती मला अगदी घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगत होती. मग तिने माळ्यावरून चिंचोक्यांचा जुना डबा काढायला लावला. झोपेपर्यंत तुम्ही दोघं ओळी मांडत होतात.

तू झोपल्यावर तुझ्या मुठीतून एक चिंचोका सोडवून घेतला. तो या पत्राच्या घडीत ठेवतेय.

तुझी,
आई