गोकर्णाचं फूल निळंच छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांच्या बागेतल्या फुलांचे फोटो छापता. ती पानं मी पहिल्यापासून कापून ठेवते आहे. गेल्या रविवारी त्यात एक गोकर्णाचं फूल होतं. शेजारच्या वहिनी पान घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "ही जांभळी जात कुठे मिळते हो? मला बी हवंय." फोटोखाली तर 'आमच्या अंगणातलं निळं गोकर्ण' असं लिहिलं होतं. मी त्यांना गच्चीवर नेलं, आमच्या वेलाचं फूल त्या पानाशेजारी धरून दाखवलं. फूल तेच होतं, रंग मात्र दुसराच होता.

मी १९८८ ते २००९ मिरजेत एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होते. मशीनला सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), यलो आणि डेन्सिटी (फोटोचा गडदपणा) अशा चार की असायच्या. दिवसभर लग्नाचे रोल यायचे. नवरा-नवरी हिरवळीवर उभे असले, की मशीन त्यांना हमखास गुलाबी करून टाकायचं. कारण कोणत्याही फोटोतले सगळे रंग मिसळले तर सरासरी राखाडीच यायला हवी, असं ते धरून चालायचं. हिरवं जास्त दिसलं, की त्यावर उतारा म्हणून ते मॅजेंटा वाढवायचं. मग आम्ही हाताने एकेक की दाबून ते परत आणायचो. डाळिंबी शालू लाल छापला गेला तर नवरीची आई प्रिंट परत आणून द्यायची, आणि तिचं बरोबरच असायचं.

आज खिशातल्या मोबाइलचा ऑटो मोड पुष्कळ हुशार झाला आहे, पण पानांनी भरलेल्या चौकटीत तो अजूनही तसाच चुकतो. त्यात हल्ली बहुतेक गच्च्यांवर हिरवी शेडनेट असते. तिच्याखाली सगळ्याच कुंड्यांवर हिरवी झाक येते, आणि आपल्या डोळ्यांना सवय झाल्यामुळे ती जाणवत नाही. मी फोटोपुरती कुंडी नेटच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत आणते. सावलीत वरून निळ्या आकाशाचाच उजेड येतो, त्यामुळे तिथे निळसर झाक येते. म्हणून फुलाशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे कोणत्याही रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड, धरून त्याच उजेडात एक फोटो आधी काढून ठेवायचा. नंतर मोबाइलच्या एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवला, की झाक निघते. जी दुरुस्ती कार्डाच्या फोटोला केली, तीच फुलाच्या फोटोला करायची. पुष्कळजण कार्डाऐवजी वहीचा पांढरा कागद धरतात, तो धरू नये. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं द्रव्य उन्हात निळसर चमकतं, आणि त्यावर जुळवलेला फोटो पिवळट होतो. आपल्या कपड्यांचाही रंग फुलावर पडतो. एकदा लाल साडी नेसून मी अनंताचा फोटो जवळून काढला, तर पाकळीच्या कडेला गुलाबी झाक आली होती. तेव्हापासून फोटो काढताना मी खांद्यावर पांढरी ओढणी घेते.

गोकर्णाच्या बाबतीत फोटो पाठवणाऱ्याचा दोष नसेलही. फिल्मच्या काळात काही निळी फुलं हटकून गुलाबट यायची. मॉर्निंग ग्लोरी आणि अ‍ॅजरॅटम यांचा आम्हाला फार त्रास व्हायचा. ती फुलं निळ्याबरोबर ७०० नॅनोमीटरच्या पुढचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा गडद लाल प्रकाशही परतवतात. फिल्मला तो दिसायचा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे तो अडवणारी फिल्टर असते, त्यामुळे आता ही अडचण कमी झाली आहे. पण छपाईत निळा रंग सायन आणि मॅजेंटा मिसळूनच करावा लागतो, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात पडले तर कागदावर जांभळा उतरतो. पान लावणाऱ्या मंडळींनी अशा फुलात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवला, तरी गोकर्ण गोकर्णासारखं दिसेल. वर्तमानपत्राच्या कागदावर ते ताज्या फुलाइतकं झळाळणार नाही, हे मला कळतं. झळाळी कमी झाली तर माझी तक्रार नाही. फुलाची जात बदलू नये, एवढंच म्हणणं आहे.

हे सगळं मी इतकं मनावर का घेते, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुलाबाची पानं मलूल दिसायला लागली. रात्री पिवळ्या बल्बखाली मोबाइल पानाला अगदी चिकटवून मी फोटो काढला आणि एका खत दुकानदाराला पाठवला. फोटो पिवळाजर्द आणि धूसर आला होता. त्याला पान पिवळं पडलेलं दिसलं, त्याने नत्राचं खत सांगितलं आणि मी ते घातलं. पंधरा दिवसांत झाड अर्धं झालं. मग एका सकाळी मी तेच पान उलटं करून पाटीवर सपाट ठेवलं, बाजूला रुपयाचं नाणं ठेवलं आणि फोन पाटीला अगदी समांतर धरला. पान मुळीच पिवळं नव्हतं. हिरव्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके होते, शिरेच्या खोबणीत जाळं होतं आणि जाळ्यात अर्ध्या मिलिमीटरचे तांबूस ठिपके चालत होते. ते लाल कोळी होते. पानांच्या खालच्या बाजूला आठवडाभर रोज पाण्याचा जोरदार फवारा मारला, तेव्हा झाड सावरलं.

जवळच्या फोटोत सगळा खेळ एखाद्या मिलिमीटरचा असतो. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी घेतली, तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ ८ वर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. म्हणून पान असो की पाकळी, जे दाखवायचं ते कॅमेऱ्याला समांतर हवं. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान. एफ २२ वर नेलं तर थर जाड होतो, पण सगळंच थोडं मऊ पडतं. मी एफ ११ च्या पुढे जात नाही. मोबाइल असेल तर फुलाला चिकटवू नका. वीतभर मागे या, दोन पट झूम करा, फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथेच राहतो, आणि स्क्रीनवरचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, म्हणजे फोटो जरा गडद येतो. लाल जास्वंदीला हे केलंच पाहिजे. नाहीतर लाल रंग इतका भरतो, की पाकळीच्या शिरा आणि मखमल नाहीशी होऊन नुसता लाल डाग उरतो.

वाऱ्यासाठी मी फुलाच्या देठाजवळ बांबूची काडी रोवते आणि कपड्याच्या चिमट्याने देठ तिला हलकेच धरून ठेवते. चिमटा फोटोच्या बाहेर राहील असा लावायचा. ऊन असेल तर भरतकामाच्या कडीत जुनं पांढरं मलमल ताणून मधे धरते. पण खरी वेळ सकाळी सातच्या आतबाहेरची. पारिजातकाचा केशरी देठ त्या उजेडात जसा दिसतो, तसा नंतर दिवसभरात मला कधी मिळालेला नाही.

फोटोखाली गावाबरोबर वेळही छापावी, अशी माझी विनंती आहे. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी आणि पुढे लाल होतं. वेळ दिली नाही तर एकाच वेलाचे तीन फोटो तीन वेगळ्या झाडांचे वाटतील. आणि फोटो मागवताना 'फिल्टर लावू नका, रंग भडक करू नका' ही एक ओळ आवाहनात जरूर घाला. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगपट्ट्यांमध्ये प्रत्येक रंगाला मधोमध भोक असतं. पट्टी पाकळीवर ठेवून भोकातून पाकळीचा रंग ताडून पाहायचा असतो. फुलाच्या रंगासाठी लोक एवढा खटाटोप करतात, मग आपण तो फोनमधल्या एका बटणाने का घालवावा?

सोबत आमच्या गोकर्णाचे दोन फोटो पाठवते आहे, एक ग्रे कार्डासह आणि एक कार्डाशिवाय, सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी काढलेले. दुसरा छापण्यासाठी आहे. पहिला तुमच्या छपाई विभागाला द्यावा, आणि पान मशीनवर जाण्याआधी त्यातलं कार्ड राखाडीच दिसतं आहे ना, तेवढं पाहावं.

आपली नियमित वाचक,
मिरज