विकत घेणारीशी बोलायला शिकवणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

आभार मानायला आले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून या वेळी लिहून काढलं आणि तुम्हाला न विचारता चारचौघांसमोर ठेवलं. बडोद्याच्या दांडिया बाजारात तुम्हाला सगळे ओळखतात ते गणपतीतल्या आरतीच्या खणखणीत आवाजामुळे. या बाईंनी मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत उमेदीची सगळी वर्षं साबण, चहा आणि शिवणयंत्रं विकली, हे तुमच्या वाड्यातल्या लोकांनाही धड ठाऊक नाही. आता होईल.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती शेठलोकांना खूश कसं ठेवायचं हे विचारायला. रावपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या जाहिरात एजन्सीत विचार मराठीत होतो, कॉपी म्हणजे जाहिरातीचा मजकूर गुजरातीत लिहिला जातो आणि बिल इंग्रजीत जातं. गिऱ्हाइकं म्हणजे सराफ, साडीवाले, कोचिंग क्लास, नवरात्रात गरब्याचे प्रायोजक. प्रत्येकाला स्वतःचा फोटो मोठा हवा आणि 'विश्वासाचं दुसरं नाव' ही ओळ हवी. तुम्ही माझी पत्रकं चष्मा कपाळावर सरकवून वाचलीत आणि म्हणालात, "पैसे देणाऱ्यासाठी छान लिहिलंयस. घेणारीसाठी काय लिहिलंयस?" मग जाहिराती लिहिणाऱ्या हेलन लॅन्सडाउनची गोष्ट सुरू झाली, ती पुढे कितीतरी शनिवार पुरली.

ही बाई 1886 साली अमेरिकेतल्या केंटकीत जन्मली. आईनं नवऱ्याचं घर सोडलं, मुलांचं खटलं घेऊन कव्हिंग्टनला आली आणि नोकरी करून ते सांभाळलं. मुलींना तिनं एकच सांगितलं, आपल्या पायावर उभ्या राहा. हेलन कॉलेजात गेलीच नाही. शाळा संपली की कामाला लागली: हिशेब तपासले, वर्तमानपत्रासाठी जाहिराती लिहिल्या, ट्रामच्या डब्यांत लागणाऱ्या जाहिरातीही लिहिल्या. 1908 मध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीच्या सिनसिनाटीच्या शाखेनं तिला कॉपी लिहायला घेतलं आणि 1911 मध्ये ती न्यूयॉर्कच्या कचेरीत गेली. हे सगळं तुम्ही भराभर सांगून टाकलंत. तुम्हाला घाई होती ती वुडबरी साबणापाशी पोचायची.

तोवर साबणाची जाहिरात म्हणजे साबण कसा शुद्ध आणि किती गुणकारी याचं वर्णन. हेलननं वुडबरीसाठी चित्रात एक जोडपं घेतलं, पुरुष त्या बाईच्या अगदी जवळ, आणि वर ओळ लिहिली ती 'हात लावावासा वाटेल अशी त्वचा' अशा अर्थाची. त्या काळच्या मासिकांत हे धाडसच होतं. पण तुम्ही मला त्या ओळीपाशी थांबू दिलं नाहीत, खालचा मजकूर वाचायला लावलात. तिथे त्वचा कशी असते, रात्री चेहरा कसा धुवायचा, पाणी गरम कधी आणि गार कधी, हे सगळं एखाद्या जाणत्या बाईनं सांगावं तसं लिहिलेलं. आणि शेवटी, दहा सेंट पाठवा, आठवडाभर पुरेल एवढा साबण आणि हे चित्र घरपोच येईल. "वरची ओळ थांबवते, मधला मजकूर पटवतो आणि किती जणींना पटलं ते दहा सेंट मोजून देतात," असं तुम्ही बोटांवर मोजत म्हणालात. कुठली जाहिरात चालली ते येणाऱ्या कुपनांवरून कळायचं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. आजही आमच्या प्रत्येक पत्रकावर मी वेगळा फोन नंबर छापायला लावते, त्याचं मूळ हे.

पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलनं क्रिस्को काढलं. सरकीच्या तेलाचं घट्ट चरबीसारखं केलेलं, म्हणजे आपल्या डालड्याचं चुलत भावंडच. त्या कंपनीच्या संचालकांसमोर जाहिरातीबद्दल बोलायला उभी राहिलेली पहिली बाई हेलन. तो प्रसंग सांगताना तुम्ही दर वेळी ताठ बसता, हे तुमच्या लक्षात आलंय का?

1916 मध्ये तिचा वरिष्ठ स्टॅन्ली रिझॉर यानं सोबत्यांना घेऊन थॉम्प्सन एजन्सी विकत घेतली आणि 1917 मध्ये हेलननं त्याच्याशी लग्न केलं. कंपनीचा कारभार तो बघे, जाहिरातींवर नजर हिची. लोक मात्र कंपनी त्याची म्हणूनच ओळखत. तुम्ही यावर चिडता, मी कमी चिडते, कारण तिनं त्या जागेचा उपयोग करून शिकलेल्या बायकांची एक अख्खी फळी नोकरीला लावली. मताधिकाराच्या मोर्चात ती एजन्सीतल्या बायकांसह चालली. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मत मिळालं ते 1920 मध्ये. तिच्याच एजन्सीत रूथ वाल्डो ही बाई 1944 साली उपाध्यक्ष झाली.

पॉन्ड्‌सवर मात्र आपलं पटत नाही. आपल्या आज्यांच्या फडताळात असायचं तेच पॉन्ड्‌स. 1920 च्या दशकात हेलनच्या माणसांनी त्याच्या जाहिरातींत राण्या आणि बड्या घरच्या बायका आणल्या. रुमानियाची राणी मारी आली. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी धनाढ्य ॲल्व्हा बेलमाँट आली, तिनं मानधन बायकांच्या हक्कांच्या कामाला द्यायला लावलं. तुम्हाला यात हुशारी दिसते. मला वाटतं, वुडबरीत शेजारीण होऊन बोलणारी हीच बाई इथे राजवाड्याच्या खिडकीतून बोलायला लागली. त्वचेची धास्तीही याच जाहिरातींनी पेरली. तुम्ही म्हणालात, "धास्ती आधीपासून होती, हिनं तिला डबी दिली." मला अजून पटलेलं नाही.

पण तुमचं ऐकून मी खंडेराव मार्केटात जाऊन बसले, ते फळलं. एका बचत गटाची उपासाची भाजणी होती, गटातल्या बायकांना पाकिटावर 'अस्सल पारंपरिक चव' हवं होतं. तुम्ही म्हणालात, दुकानात बस आणि कान उघडे ठेव. घेणाऱ्या बायका चवीचं विचारतच नव्हत्या. यात मीठ साधं की सैंधव? राजगिरा भाजलेला की कच्चा? उघडल्यावर किती दिवस टिकेल? एकीनं तर विचारलं, सासूबाईंना दात नाहीत, थालीपीठ मऊ होईल ना? त्याच प्रश्नांची उत्तरं मी पाकिटाच्या मागे छापली, पुढे मोठ्या अक्षरांत 'थालीपीठ मऊ होतं'. गटातल्या बायकांना ते फार साधं वाटलं. दुसऱ्या खेपेची मागणी आली तेव्हा त्यांनीच तो मजकूर बदलू नका म्हणून बजावलं.

आणि पैशाचं. "कॉपी फुकट आणि छपाईचे पैसे" हा आपल्या गावचा रिवाज तुम्ही मला मोडायला लावलात. बिलात लेखनाची वेगळी ओळ टाकताना हात थरथरत होता. शेठनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि चेक लिहिला.

एक गोष्ट तुम्ही शेवटी शेवटी सांगितलीत, हेलनच्या बायकांना काम मिळायचं ते साबण, क्रीम, खाण्याचे पदार्थ एवढ्यांचंच. तुम्हालाही मुंबईत मोटारीचं काम कधी मिळालं नाही, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून आमच्याकडे आलेल्या नव्या मुलीला मी ट्रॅक्टरच्या बॅटरीचं काम दिलंय. जवळच्या पादरा गावी जाऊन ती शेतकऱ्यांशी बोलून आली, वहीभर टिपणं आहेत. या शनिवारी तिला घेऊन येते. तिची कॉपी गुजरातीत आहे. तपासा हवी तेवढी, फक्त तिची मराठी करून टाकू नका.

तुमची,
रावपुऱ्यातली कॉपीवाली