चवथीआधी येत नाही, पण ऐका

मडगाव, 30 जुलै

प्रिय आई, बाबा,

बाबा, आधी चष्मा लावा. आणि ऱ्हस्व-दीर्घ या वेळी तरी लाल शाईने दुरुस्त करू नका. हे पत्र चार बैठकांत आणि एका हाताने लिहिलंय. दुसऱ्या हातावर तुमची नात झोपलेली असते. हात अर्धा इंच सरकवला तरी तिला कळतं.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर आई "बरं" म्हणते आणि गप्प होते. त्या "बरं"ला मी चौथीत असल्यापासून घाबरते.

तर, चाळीस दिवस मी डिचोलीला येत नाही. इथंच राहते आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना महिन्याचे पैसे आगाऊ देऊन टाकलेत. आई, ते मुद्दाम केलं. समोर बसून तुला नाही म्हणणं मला जमत नाही.

आता तू म्हणशील, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, लोक काय म्हणतील. लोकांना सांग, पावसात तान्हं बाळ घेऊन बोरीच्या पुलावरून, फोंड्यावरून, उसगावच्या खड्ड्यांतून कोण येणार, तेही टाके असताना! ते खोटं नाही. डॉक्टर इथून दहा मिनिटांवर आहेत, बाळाला वजनाला न्यायचं असतं, जावयाची रजा अजून आठवडाभर आहे, तीही कारणं आहेत. पण खरं कारण ताईच्या वेळचं आहे. त्या वेळी न्हाणीघरात काय झालं ते तू कोणाला सांगू दिलं नाहीस, पण मी तिथंच होते ना. तेव्हा तू पन्नाशीची होतीस. आता गुडघा तसा, प्रेशरची गोळी वाढलेली, आणि बाबांची मार्चमधली अँजिओप्लास्टी. मी आले की तू रात्री झोपणार नाहीस. पहाटे चारला उठून पाणी तापवशील, डिंक तळशील, आणि मी "बस गं" म्हटलं की "मी कुठं काय करते" म्हणशील. ते मला बघवणार नाही. एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. त्या रात्री तुम्हाला फोन केला नाही.

जावयाने तुम्हाला "सकाळीच नेलं" असं सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. कळा 13 तारखेला रात्री नवाला सुरू झाल्या. आधी कमरेत नुसतं धरल्यासारखं. मला वाटलं, दिवसभर कपाटं आवरली त्याचं. अकराच्या सुमाराला घड्याळ लावून मोजायला लागलो, दर सात मिनिटांनी. बाहेर पाऊस असा की समोरच्या घराचा दिवा दिसेना. जावई म्हणाला, आईंना फोन करू. आणि मला डोळ्यांसमोर दिसलं, बाबा मोतीबिंदूच्या त्या डोळ्याने गाडी काढतायत आणि आई शेजारी बसून मारुती स्तोत्र म्हणतेय. आई, तू म्हणाली होतीस, "रात्री बारा वाजले तरी फोन कर." म्हणूनच नाही केला. तुम्ही निघालाच असता.

पहाटे पाचला हॉस्पिटलात तपासलं तर पिशवीचं तोंड फक्त तीन सेंटीमीटर उघडलेलं. दहा व्हायला लागतात. मी रडलेच. आठ तासांच्या कळा आणि तीन! सिस्टर म्हणाल्या, पहिलटकरणीचं सुरुवातीला असंच रेंगाळतं, पुढे भरभर होतं. पुढे काही भरभर झालं नाही. आणि हो, पाठीतलं इंजेक्शन घेतलं. घेतलं, आई. तुझ्या त्या मैत्रिणीची कंबर त्या इंजेक्शनाने गेली असं तू म्हणतेस, पण डॉक्टरांनी नीट समजावलं, जन्माची कंबरदुखी त्याने लागत नाही. टोचलं तिथं चार दिवस दुखलं, गेलं. घेतल्यावर मी दोन तास झोपले. त्या झोपेवरच पुढचं निभावलं.

शेवटचा दीड तास मात्र आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. सिस्टर माझा गुडघा धरून, "बाये, आनी मातशें, आनी मातशें!" मी दात आवळून त्यांच्याकडे बघत होते आणि मनात येत होतं, हे "मातशें", म्हणजे "थोडंसं", नक्की किती असतं. मग बाळाचे ठोके थोडे उतरायला लागले, तेव्हा डोक्याला कपासारखं लावून तिला बाहेर काढलं. घाबरू नका, म्हणूनच तेव्हा सांगितलं नाही. आई, तू दुसऱ्या दिवशी आल्याआल्या विचारलंस, "हिच्या डोक्याला टेंगूळ कशाचं?" आणि मी म्हटलं, असंच असतं. ते त्याचं होतं. आता गेलंय, बोटाला लागतही नाही.

4 वाजून 10 मिनिटांनी झाली. एकोणीस तास. तिला पुसून तशीच माझ्या छातीवर ठेवली, वरून चादर. मला वाटलं होतं मी आनंदाने रडेन. मी पहिलं काय म्हटलं माहितीये? "आई गं." तिला नाही, तुला.

पहिल्या तासातच तिने ओढायला सुरुवात केली. जेमतेम चमचाभर पिवळा चीक, पण तेवढ्यावर ती झोपली. दूध उतरलं तिसऱ्या दिवशी, आणि ते दगडासारखं उतरलं. त्याबद्दल मला कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. कळांबद्दल सगळ्या बायका सांगतात, पहिल्यांदा संडासला जातानाच्या भीतीबद्दल एकही सांगत नाही. मी कडी न लावता बसले होते आणि बाहेर जावई दाराला पाठ लावून क्रिकेटचा स्कोअर वाचून दाखवत होता. बाबा, हे वाक्य सोडून द्या.

आणखी एक सांगूनच टाकते. दोन दिवस जास्त ठेवलं ते पावसामुळे नव्हतं. तिला कावीळ दिसली. तान्ह्या बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरेचदा होते, तिची जरा वर गेली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवली. डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि मी काचेबाहेर. दर दोन-अडीच तासांनी पाजायला हातात देत. 2 किलो 850 ची पोर 2 किलो 640 वर आली. बाळांचं वजन सुरुवातीला उतरतंच म्हणतात, पण माझ्या पोटात खड्डा पडला. बाराव्या दिवशी भरून निघालं. परवा 2 किलो 900 भरली.

सटवीच्या रात्री तू सांगितलं होतंस तसा पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन चालेना. मग जावयाने ऑफिसचं दिलं. ते आता तिच्या नशिबात हिशेब घेऊन येणार.

आणि मी खूप रडले, आई. चौथ्या-पाचव्या दिवशी. मावशींनी विचारलं, "चहा की दूध?" आणि मी हमसून हमसून. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर हार्मोन एकदम खाली येतात त्याचं, दोन आठवड्यांत ओसरतं, नाही ओसरलं तर लपवायचं नाही, यायचं. आता बरं आहे, खरंच. कधी कधी संध्याकाळी येतं, तेव्हा मी तुझी हिरवी साडी हुंगते. तिची दुपटी शिवलीस, पण काठाचा एक तुकडा मी कापून ठेवलाय. या पावसात दुपटी वाळत नाहीत. मावशी इस्त्री फिरवून वाळवतात, मग ओव्याच्या पुरचुंडीशेजारी घडी घालतात. सगळ्या घराला डिचोलीच्या माजघराचा वास येतो.

खाण्याची काळजी करू नका. सकाळी नाचणीची तिजण, दहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, जेवणानंतर बाळंतशेपा. मावशी फोंड्याकडच्या आहेत, हात तुझ्यासारखाच जड. तेल लावताना मी ओरडते तेव्हा त्याही लक्ष देत नाहीत.

आता दोघांनी नीट ऐका.

शेगडी पाठवू नका. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाला चालत नाही, मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. मध चाटवायचा नाही, एक वर्षाची होईपर्यंत नाही. गुटी, ग्राइपवॉटर, वरचं पाणी, काहीच नाही. सहा महिने फक्त माझं दूध. काजळही नको. मला माहितीये आम्ही सगळी त्याच्यावरच वाढलो. तरी नको. काजळडबी मात्र ठेवून दे, ती मला हवीय.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "बरं वाटतंय" हे कारण नाही. लोणचं बंद म्हणजे खारातली कैरीसुद्धा बंद. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत गाडी म्हापशाच्या पुढे न्यायची नाही, आणि रात्री तर गेटाबाहेरसुद्धा नाही. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान बांधायला शेजारच्या मुलांना बोलवा, स्टुलावर तुम्ही चढलात असं कळलं तर बघा. आई, नी-कॅप कपाटात ठेवायला घेतलेली नाही.

25 ऑगस्टला तिची दीड महिन्याची लस आहे. 27 ला गणपतीची चवथ, ती सासरी. पंचमीला आम्ही तिघं तुमच्याकडे. मग मी महिनाभर राहणार, आणि बारसं तिथंच, तुमच्या पाळण्यात. आई, तेव्हा तू तिला पायांवर घेऊन न्हाऊ घाल, मी मध्ये बोलणार नाही. थोडं बोलेन.

हे पत्र जावई शनिवारी घेऊन येतोय, लाडवांचा डबाही परत पाठवतेय. डबा रिकामा देऊ नये म्हणतेस, म्हणून आत तिचं एक टोपडं ठेवलंय. धुतलेलं नाही. तू पण लगेच धुऊ नकोस.

तुमची,
चिमी