रात्री दीड वाजता आलेल्या तुझ्या मेसेजचं उत्तर

प्रिय मित्रा,

परवा रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला. मी तो सकाळी पाहिला. "सध्या जरा जास्तच चाललंय, हे एवढं प्रोजेक्ट मार्गी लागलं की निवांत बोलू." वाचलं आणि पोटात धस्स झालं. कारण जवळपास याच शब्दांत हेच वाक्य मी सहा वर्षं सगळ्यांना ऐकवत आलो. एक प्रोजेक्ट मार्गी लागायचं, दुसरं यायचं, वाक्य तेच राहायचं. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू "हो रे, कळतंय" म्हणून विषय बदलशील.

आधी माझं सांगतो. हे तुला कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी लेक मला गोष्ट वाचून दाखवत होती. जोडाक्षरं नुकतीच जमायला लागली होती तिला, त्यामुळे ओळीवर बोट ठेवून, अडखळत, मोठ्या आवाजात. मी शेजारी बसलो होतो. फोन हातात नव्हता, लॅपटॉप बंद होता; त्या दिवशी मी ठरवून लवकर घरी आलो होतो. पण डोक्यात दुपारची मीटिंग चालूच होती. कोण काय बोललं, मी काय बोलायला हवं होतं, उद्या कुणाला काय उत्तर द्यायचं. मधूनमधून "हं, हं" करत होतो. बऱ्याच वेळाने जाणवलं की खोलीत शांतता आहे. पुस्तक मिटून तिच्या मांडीवर होतं, बोट अजून पानांत अडकवलेलं. ती म्हणाली, "बाबा, मी मघाशीच थांबले. तरी तू हं म्हणत होतास." आवाजात तक्रार नव्हती. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं, एवढंच. मला ते जास्त लागलं.

तोवर मी समजत होतो की प्रश्न फक्त तासांचा आहे. तास महत्त्वाचे आहेतच, आणि तुझ्या बाबतीत तर फारच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा त्यांचा अंदाज आहे. तुझे तास मोज एकदा. शनिवारचे "जरा बघून घेतो" म्हणून गेलेले तासही धर. तुझ्या वडिलांचा रक्तदाब आपण दोघांनी पाहिलाय, म्हणून हे लिहिताना हात जड झालाय.

आणि एवढं करून काम तरी जास्त होतं का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे तास आणि त्यांचं उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. जॉन पेन्कॅव्हेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास राबून झालेलं काम ५६ तासांत होणाऱ्या कामापेक्षा फारसं जास्त नव्हतं. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्या मधल्या चौदा तासांचाच विचार करत बसलो. कुणाची तरी झोप होती ती, कुणाची तरी मुलं वाट बघत होती. आणि मोबदल्यात जवळजवळ काहीच नाही.

पण त्या संध्याकाळी माझे तास कमीच भरले होते. शरीर घरी आलं होतं, मन आलं नव्हतं. हा भाग मला उशिरा कळला, म्हणून तुला आधीच सांगतो. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, पुरं झालेलं विसरलं जातं, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं. आता आपलं काम रोज संध्याकाळी पुरं होणारं थोडंच आहे? मग टोचणी थांबायची कशी? मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोग करून दाखवलं की काम पुरं करायची गरज नसते. ते पुढे कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याचे विचार मध्येमध्ये येणं कमी होतं.

मी ते तसंच्या तसं उचललं. उठण्याआधीची पंधरा मिनिटं मी एक वही घेऊन बसतो. काय राहिलं ते लिहितो, आणि प्रत्येकापुढे उद्या पहिलं पाऊल काय ते. "अहवाल" असं लिहून भागत नाही, मन ऐकत नाही. "अहवालातला तिसरा तक्ता, दहा वाजता, आधी जुने आकडे जुळवायचे" इतकं बारीक लिहावं लागतं. मग वही मिटायची. पहिले दोन आठवडे काही फरक वाटला नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा घरी पोचलो आणि लक्षात आलं की वाटेत मी आभाळाकडे बघत आलो होतो.

वरिष्ठांशीही बोललो. सातनंतर मेसेज बघणार नाही, खरंच अडलं तर फोन करा, असं सांगितलं. पहिल्या महिन्यात तीन फोन आले. त्याची किंमतही मोजली. पुढचं मोठं काम दुसऱ्याकडे गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परत तसाच निर्णय घेईन. अर्थात सगळ्यांना असं सांगता येत नाही, हेही कळतं. ज्याचं पोट रोजच्या हजेरीवर आहे त्याला कुठला आलाय पर्याय. तुला आणि मला तो आहे, आणि तो आपण वापरत नव्हतो.

अजून एक, आणि हे सगळ्यात अवघड. घरी वेळ द्यायला लागलो तेव्हा दिसलं की घरातही एक पूर्ण नोकरी चालू असते. डॉक्टरांची वेळ, शाळेची सूचना, आईची औषधं, संपत आलेल्या प्रत्येक वस्तूची आठवण. हे सगळं बायकोच्या डोक्यात होतं, तिची स्वतःची नोकरी सांभाळून. माझी सहा वर्षांची धावपळ तिच्या खांद्यावर उभी होती. आता आईची औषधं आणि शाळेचं सगळं माझ्याकडे आहे. "मदत" म्हणून नाही, माझं काम म्हणून.

"समतोल" हा शब्द मला तितकासा पटत नाही. रोज सारखी वाटणी होत नाहीच. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे कामाकडे फिरकलो नाही. वर्षअखेरीला उलटं होतं. झुकू दे, पण एकाच बाजूला वर्षानुवर्षं झुकलेलं नको.

तुझ्याबद्दल मला खरी काळजी वेगळीच आहे. मागच्या भेटीत तू दोनदा म्हणालास, "काय फरक पडतो, पाट्या टाकायच्या." तू? पहिल्या नोकरीत एक चूक सापडली म्हणून रात्रभर आनंदाने जागणारा तू? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून विझून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडून कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. थकवा तर आपण सगळेच मिरवतो. मला तुझ्या बोलण्यात दुसरं लक्षण ऐकू आलं, आणि म्हणून हे पत्र.

या आठवड्यात रक्तदाब तपासून घे आणि आकडा मला कळव. रविवारी सकाळी मी तुला फोन करणार आहे. दहा मिनिटांसाठी नाही, चांगला तासभर. लेकीलाही तुझ्याशी बोलायचंय; आता ती न अडखळता वाचते, तुला एक पान वाचून दाखवणार म्हणते. मध्येच थांबून बघेल ती, तू ऐकतोयस का.

तुझाच