सूचना : शनिवारी बास्केटबॉल पंचांची बैठक

सर्व पंचांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता, कनिष्ठ गटाच्या सामन्यांआधी, मैदानावरच अर्धा तास बैठक आहे. शिट्टी सोबत आणा.

गेल्या वेळी प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजली आणि मुलांना खेळताच आलं नाही, याचं वाईट वाटतं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांतही ओझरता स्पर्श म्हणजे फाऊल नव्हे. त्या स्पर्शाने समोरच्याचा तोल, वेग किंवा शॉट बिघडला का, ते आधी पाहा. शिट्टी क्षणभर उशिरा वाजली तरी चालेल.

इथे मात्र सूट नाही :
- हवेत उडालेल्या खेळाडूच्या पायाखाली जाणं (घोटा इथेच मोडतो)
- कोपर मारणं

खेळाडूचं पाचवं फाऊल (ज्यावर तो सामन्यातून बाहेर जातो) असलं तरी मोजमाप तेच ठेवा.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.